एकशे एकवीसवर कोण आहे?

...आणि त्या पारदर्शक टोकाची इवलीशी जीभ मोडलेली होती. नेटच्या केबलच्या टोकाला असते ना, आत घातली की कट् करून बसते आणि मग ओढली तरी सुटत नाही — ती जीभ. इवानं केबल खिडकीकडे धरून पाहिली. कधी मोडली? कोणी मोडली? तिनं ते टोक डाव्या हातानं कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या खाचेत दाबलं आणि करंगळीतून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत गेली, आणि कळेच्या मागोमाग गुरुवारची रात्र आली — जेम्सचा अंगठा, तिची करंगळी, ती मागे मागे वाकवताना नवऱ्याचा तो थंड आवाज, 'बोल की आता, बोल' — आणि मग कट्. अगदी असाच आवाज झाला होता. एवढासा. आपल्या हाडाचा आवाज इतका बारीक असेल असं तिला वाटलं नव्हतं.

केबल बसली. पडद्यावरच्या काळ्या चौकटीत ओळी खाली सरकू लागल्या. कॉम्प्युटर राउटरला हाक मारत होता आणि राउटर ओ देत होता. हाक, ओ. हाक, ओ. इवा दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत राहिली. चहा निवला होता. बाहेर यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत धडधडत गेले, क्वार्टरच्या खिडकीची काच थरथरली, आणि ओळी चालूच राहिल्या... चालूच... मग थांबल्या. हाक, हाक, हाक. ओ नाही.

"मर," ती म्हणाली. कोणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

चार वाजता पुण्याहून हर्षदा मॅडम लाईनवर येणार होत्या. कॉलेजातली व्याख्यानं ऐकता ऐकता मराठीत टाईप करून पडद्याखाली सोडायची, ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांना वाचता यावीत म्हणून — असलं ते काम. इवाचा हात चालायचा चांगला, शिरूरच्या टायपिंग क्लासात सर तिला 'मशीनगन' म्हणायचे. पण मागच्या दोन्ही चाचण्यांत मधेच नेट गेलं होतं. 'हात छान आहे हो तुमचा,' मॅडम म्हणाल्या होत्या, 'पण हे लाईव्ह काम आहे. आज तुटलं तर मला दुसरीला घ्यावं लागेल.' काम पक्कं झालं की पुण्यात मुलींच्या हॉस्टेलात एक खाट मिळणार होती, तिथल्या बाईंशी बोलणंसुद्धा झालं होतं. खाट, कपाटाचा एक खण आणि आतून कडी लावता येईल असं दार. जेम्स मालगाडीवर गार्ड. काल सोलापूरकडे गेलेला, आज संध्याकाळच्या आत केव्हाही येईल. तेव्हा त्याच्या आत चाचणी, आणि चाचणीच्या आत हा फॉल्ट सापडला पाहिजे.

फॉल्ट हा शब्द आप्पांचा. तिचे वडील, बन्यामीन लाईनमन — टेलिफोन खात्यात खांबावर चढउतार करण्यात ज्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही शिरूरच्या मिशन कंपाउंडमधल्या कोणाचं काही बंद पडलं की पक्कड घेऊन निघतात ते. लहानपणी ती त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून जायची. ते वर, ती खाली, तोंड वर करून. 'आधी आपलं टोक बघायचं बाळा. मंग खांब. मंग खांबाफुडची तार. मान्सावर संशय यकदम शेवटी. आन् फॉल्ट पक्का झाल्याबिगर तार तोडायची न्हाई. तोडायला काय, कुनीबी तोडतं.' हा कॉम्प्युटरही त्यांनीच सुटे भाग जमवून जोडला आणि लग्नात दिला. तुझ्या बापाचं भंगार, असं जेम्स म्हणतो. त्याला तो चालवता येत नाही म्हणून तेवढाच तो तिचा राहिला आहे. त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. फुकट असतं आणि खोटं बोलत नाही, आप्पा म्हणायचे, काय बिघडलं ते आत लिहून ठेवतं, आपण फक्त विचारायचं.

तर आपलं टोक. तिनं केबल बदलली, टीव्हीच्या डब्याची काढून लावली. हाक, ओ, हाक, ओ, हाक — नाही. राउटरची खाच बदलली. राउटर बंद करून पुन्हा लावला. नेटचं कार्ड वीज वाचवायला मधेच डुलकी घेतं असं कुठंतरी वाचलं होतं, तर ती डुलकीही बंद केली. प्रत्येक वेळी थोडा वेळ चालायचं आणि जायचं. हेच तर. सरळ मेलं असतं तर सुटले असते. चालतं, चालतं, माणूस जरा निवांत होतो, खांदे खाली सोडतो, म्हणतो झालं बाई बरं — आणि मग... ती तीन वर्षं याच घरात राहत होती. मटण घेऊन येणारा जेम्स. चर्चमध्ये शेजारी उभा राहून खणखणीत गाणारा जेम्स. आणि मग एखाद्या शब्दावर, एखाद्या वाटीच्या आवाजावर, तिनं खिडकीतून जरा जास्त वेळ पाहण्यावर — बेल्ट, भिंत, केस. कशामुळे होतं ते सापडलं की टाळता येईल, असं तिला फार दिवस वाटत होतं. मीठ कमी करून पाहिलं. माहेरी फोन कमी करून पाहिला. गप्प बसून पाहिलं. मग गप्प का बसलीस म्हणून झालं. आपलं टोक, आपलं टोक... तीन वर्षं मी माझंच टोक तपासत बसले, आप्पा.

राउटर उचलावा आणि भिंतीवर असा हाणावा की... हल्ली तिचं असंच व्हायचं. कांदा चिरताना सुरीचं वजन हाताला कळायचं. जेम्स उताणा झोपला की गळ्यावर उडणारी त्याची शीर दिसायची, आणि तिच्या अंगातून एक गरम लाट जायची. त्या लाटेची तिला भीती वाटत नव्हती याचीच भीती वाटायची. रविवारी प्रार्थनेत डोळे मिटले की ती आत जेम्सला मारत असायची. मुठीनं नाही, काहीतरी जड घेऊन. आमेन म्हणताना तिचा जबडा दुखत असायचा.

पण आप्पांना कळता कामा नये. हे तिनं पहिल्याच वेळी, मोरीत बसून ओठावरचं रक्त धुताना ठरवून टाकलं होतं. त्यांना कळलं तर ते राहायचे नाहीत. शिरूरहून पहिल्या एसटीनं निघतील, दीड तासात दौंडच्या स्टँडवर उतरतील, पांढरा शर्ट, पिशवीत पक्कड. जिना चढतील आणि जेम्सची गचांडी धरून त्याला खाली आणतील. मग पोलीस, मग म्हातारपणी कोर्ट. नको. ती त्यांना जपत होती. आणि तरी हेच चित्र ती रोज काढून बघायची — एसटी, पांढरा शर्ट, जिना. ते चित्र होतं म्हणून सहन होत होतं. एक फोन केला की येईल असं कोणीतरी आहे, एवढ्यावर मी जगत होते. फोन करत नव्हते, तो भाग निराळा.

आणि शुक्रवारी सकाळी त्यांचाच फोन आला होता. पाऊसपाणी, पाळकांची बदली, असंच सगळं. आवाज बसलेला वाटला. ठेवता ठेवता म्हणाले, 'बोटाला बर्फ लाव गं. आन् हळद.' ती चमकली. बोटाचं ती एक अक्षर बोलली नव्हती. मग फोन ठेवून ओट्याला टेकून पोटभर रडली, बऱ्याच दिवसांनी बरं वाटेल असं. बाप तो बाप. तार नसली तरी बापाला कळतं.

फोन वाजला. हर्षदा मॅडम.

"इवा, आज नक्की ना? नेट कसं आहे?"

"आहे मॅडम. म्हणजे... चाललंय काम."

"चाललंय म्हणजे?"

"होईल मॅडम. चारला मी बसते."

होईल! काय होईल? तिनं नोंदी उघडल्या. लिनक्सनं सकाळपासूनचं सगळं लिहून ठेवलं होतं, वाचायचं तिनंच टाळलं होतं. ढीगभर ओळी. त्यांच्यात मधे मधे एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती आणि जिथं ती यायची तिथंच ओ बंद झालेली होती. तिनं ती सावकाश वाचली. तुझा नंबर दुसरंही कोणी वापरतं आहे.

घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, गल्लीतल्या घरांना असतो तसा. एकाच नंबराची दोन घरं झाली तर पोस्टमन काय करील? पत्र कधी इकडे टाकील, कधी तिकडे. दुसरं घर गप्प असेल तोवर तिचं चालणार. ते बोलू लागलं की तिचं बंद. बाकीच्यांना राउटर आपला मिळेल तो नंबर देतो — दोन, तीन, चार असे. पण कॉम्प्युटरचा नंबर तिनं स्वतः ठरवून दिला होता. एकशे एकवीस. कारण शिरूरच्या घरात सगळ्याचाच नंबर एकशे एकवीस. ते आईचं स्तोत्र. कोणी प्रवासाला निघालं की आई, दबोराबाई, उंबऱ्यात उभी राहून ते वाचायची — जो डुलकी घेत नाही, झोपत नाही, तुझं जाणं-येणं राखतो, त्याचं. आई गेल्यावर आप्पांनी तो नंबर जिथंतिथं लावून टाकला, स्कूटरला, बॅगेच्या कुलपाला, बँकेच्या पिनला, लोक हसायचे. पाठवणीच्या वेळी तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी ते अख्खं म्हटलं होतं आणि जेम्स शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता.

तिनं काळ्या चौकटीत विचारलं, एकशे एकवीसवर कोण आहे? म्हणजे तिच्याखेरीज कोण. उत्तर यायला नको होतं.

उत्तर आलं. मी.

घरात कोणी नाही हे माहीत असूनही तिनं मागे वळून पाहिलं. मग मोबाईल घेतला आणि त्यावर तो नंबर टाकला, बघू या कोण उघडतं. एक पान उघडलं. नाव आणि पासवर्ड मागणारं, आणि वर एक लहानसं चित्र. कॅमेऱ्याचं.

कॅमेरा.

या खोलीत.

ती लाट आली. या वेळी ती आडवी झाली नाही, उभी राहिली. तर असं! म्हणून त्याला सगळं कळत होतं — 'दुपारी कोणाशी बोलत होतीस', 'आज पलंगावर फार लोळलीस वाटतं' — ती समजत होती की संशयी माणूस अंधारात दगड मारतो, एखादा लागतो. तो बघत होता. गार्डच्या डब्यात बसून, हातात मोबाईल धरून, तो माझं केस पुसणं, माझं रडणं... गुरुवारचंसुद्धा असेल त्यात. आपणच मारायचं आणि आपणच पुन्हा लावून बघायचं. इवा स्वयंपाकघरात गेली. खलातला लोखंडी बत्ता उचलला. तो हातात असा बसला की जणू रोजचाच.

पहिला घाव टीव्हीच्या डब्यावर. दुसरा त्याच्या स्पीकरवर, रविवारी तो गाणी लावतो त्या. जाळी आत गेली, मग लाकूड फाटलं. आत डोळा नव्हता. खिडकीच्या पडद्यामागची फळी तिनं दोन्ही हातांनी ओढली, खिळ्यांसकट आली. प्लास्टिकच्या फुलांची परडी, त्याला मिळालेली ढाल, भिंतीवरचा लग्नाचा फोटो — फोटोच्या काचेवर बत्ता पडला तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिनं स्वतःचा म्हणून ओळखला नाही. शोकेस राहिलं. त्यावर आप्पांनी नाताळात आणलेलं घड्याळ होतं, काळ्या काचेचं, लाल आकड्यांचं. ते फुटायला नको म्हणून तिनं बत्ता काखेत धरून, दोन्ही हातांनी ते अलगद उचललं, प्लग तसाच ठेवून लांब वायर ओढत कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवलं, आणि मग शोकेस खाली खेचलं. कपबशा, ट्रॉफ्या, काचा. मजा येत होती. हो, मजा. खोटं कशाला? मला मारताना त्याला अशीच मजा येत असणार, एवढं एक आज कळलं. तरी हात थांबला नाही.

दारावर थाप पडली. शेजारच्या सुरेखाबाई. एरवी इकडे आदळआपट सुरू झाली की त्या टीव्हीचा आवाज मोठा करतात. आपल्याला ऐकू येत नाही हे सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"इवा! ए इवा! काय पडलं गं? भाऊजी आले व्हय?"

"नाही, मीच आहे."

"तू?"

"हो."

"बरं," सुरेखाबाई म्हणाल्या, " काच बघून पाय टाक," आणि त्यांच्या चपला दूर गेल्या. टीव्हीचा आवाज काही वाढला नाही.

ती कॉम्प्युटरसमोर बसली. धाप लागली होती, करंगळीत ठणका. कुठंच डोळा सापडला नव्हता. काळ्या चौकटीत हाक, हाक, हाक. ओ नाही. आता या क्षणी नेट बंद होतं, म्हणजे या क्षणी ते बोलत होतं, म्हणजे कोणीतरी या क्षणी... माणसावर संशय एकदम शेवटी. आपण उलटं केलं. माणूस आधी धरला आणि फॉल्ट मागाहून. पुन्हा पहिल्यापासून ये बाळा. काय पक्कं माहीत आहे? कॅमेरा आहे. कॅमेऱ्याचा नंबर एकशे एकवीस आहे. राउटर आपणहून तो नंबर कधी देणार नाही. म्हणजे कोणीतरी बसून तो दिला. मुद्दाम. बोटांनी टाईप करून. कोण? जेम्सला राउटरचं पान कुठं उघडतं तेही ठाऊक नाही. आणि ठाऊक असतं तरी — एकशे एकवीस? त्यानं?

तिनं मान वर केली.

लाल आकडे तिच्यापासून हातभर अंतरावर होते. दोन आकड्यांच्या मधे दोन ठिपके, लुकलुकणारे. त्यांच्याही वर तिसरा एक ठिपका होता, तो लुकलुकत नव्हता. तो लाल नव्हताच. 'बॅटरी न्हाई यात, वायर काढू नको,' नाताळात स्वतः स्टुलावर चढून वायर ओढता ओढता आप्पा म्हणाले होते. मग वायफायचा पासवर्ड विचारून घेतला होता, मोबाईलवर गाणी ऐकायला म्हणून. नेट असं तुटायला कधी लागलं? नाताळानंतर.

मोबाईलवरचं पान उघडंच होतं. पासवर्डाच्या जागी तिनं आईचं नाव टाकलं आणि पुढं एकशे एकवीस. आत सोडलं.

एक बाई दिसली. अगदी जवळून, खालच्या बाजूनं. केस सुटलेले, कपाळावर लाकडाचा भुसा, मागे फुटलेलं घर. बाई मान खाली घालून हातातल्या मोबाईलकडे बघत होती. चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, पाहणारे : दोन.

एक मी.

तिनं फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला, उचलायला हात तिथंच असल्यासारखा.

"काय गं बाळा, काय झालं? येवढी मोडतोड कशापायी —" आणि आप्पा थांबले.

पलीकडे कंपाउंडातल्या शाळेची मधली सुट्टी चालू होती, पोरांचा कल्ला. तिची शाळा.

"गुरुवारी बघत होता?"

"बाळा..."

"बघत होता का, आप्पा?"

"व्हय."

"सगळं?"

"सगळं न्हाई बघवलं. मधी बंद क्येलं. मंग जीव ऱ्हाईना, परत लावलं."

"मग?"

"मंग काय... गुडघं टेकून बसलो. रातभर प्रार्थना करत व्हतो तुज्यासाठी. डोळ्याला डोळा लागला न्हाई गं माज्या. आजून लागत न्हाई." ते रडत होते. तिनं त्यांना आईच्या वेळीसुद्धा रडताना ऐकलं नव्हतं.

"दीड तासाचा रस्ता आहे, आप्पा."

"म्हाईत हाय. निघालो व्हतो, स्टँडापात्तुर आलो व्हतो. पन आगं, पक्कं व्हायला पायजे ना? ती काय तार न्हाई, तोडली आन् जोडली. घर हाय. उद्या तो म्हनला, यकदाच हात उठला, चूक झाली, तर आपन काय तोंडानं... म्हनलं आजून यकदा दिसू दे. म्हंजी मंग पाळकांना घिऊन येतोच."

"अजून एकदा."

"तसं न्हाई गं... म्हंजी तसं न्हाई..."

तिनं फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला.

एसटी. पांढरा शर्ट. जिना. तिनं ते चित्र काढून पाहिलं. सगळं जागेवर होतं, फक्त एसटी सुटत नव्हती. पांढरा शर्ट घातलेला माणूस शिरूरच्या स्टँडवर बाकावर बसला होता, हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये ती. बर्फ लाव. हळद लाव. आणि ती बया ओट्याला टेकून रडत होती, बाप तो बाप म्हणून! त्यांच्यावर ओरडावं, शिव्या द्याव्यात, हा बत्ता त्या काळ्या काचेत घालावा — हात उठलाही. लाट कुठं गेली? तिनं शोधली. राग होता; भरपूर होता. पण तो आता धावत नव्हता, एका जागी उभा होता आणि तिचं म्हणणं काय आहे ते ऐकायला थांबला होता. जपावं असं कोणी उरलं नव्हतं. वाट पाहावी असंही.

वायर काढली असती तरी भागलं असतं. तिनं काढली नाही. कॉम्प्युटरचा नंबर बदलायला एकच ओळ लागते. तिनं ती लिहिली आणि शेवटी अठ्ठ्याऐंशी टाकलं. अठ्ठ्याऐंशी कशाचाच नंबर नव्हता, स्तोत्राचा म्हणून नाही, कुलपाचा नाही, मनात आला तो टाकला. एकशे एकवीस ज्याचा त्याला राहू दे. काळी चौकट क्षणभर रिकामी राहिली. मग हाक, ओ. हाक, ओ. मोबाईलवर पाहणारे अजून दोनच होते आणि तरीही ओ येत होती. ओळी खाली सरकत राहिल्या, पडदा भरून वर जाऊ लागल्या, तुटल्या नाहीत. तिला आनंद व्हायला हवा होता. तो नंतर होईल, हॉस्टेलातल्या खाटेवर वगैरे.

तिनं पायांनीच काचा भिंतीकडे सारल्या. तोंड धुतलं. केस बांधले, करंगळी शेजारच्या बोटाला चिंधीनं घट्ट बांधली. घड्याळ हातात घेतलं, त्या न लुकलुकणाऱ्या ठिपक्याकडे एकदा सरळ पाहिलं, आणि ते फिरवून ठेवलं — तिच्याकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून. दार, कडी, उंबरा, सगळं नीट दिसेल असं. बत्ता कीबोर्डच्या उजव्या बाजूला ठेवला. तिथं तो बरा दिसत होता.

चारला हर्षदा मॅडमचा चेहरा पडद्यावर आला.

"इवा! आज चित्र अगदी स्वच्छ येतंय. सापडला का फॉल्ट?"

"सापडला मॅडम."

"कुठं होता?"

"घरातच होता."

व्याख्यान सुरू झालं. कोणी प्राध्यापक जमिनीखालच्या पाण्याबद्दल बोलत होते, सावकाश, स्पष्ट. आणि त्यांचे शब्द कानातून आत येऊन तिच्या बोटांतून पडद्याखाली उतरू लागले. सच्छिद्र खडक. साठा. उपसा. बांधलेलं बोट शेजारच्या बोटाबरोबर उठत होतं, दुखत होतं, पडत होतं. एक परिच्छेद झाला. दुसरा झाला. खाली, जिन्याशी, मोटारसायकल थांबली. स्टँड लावल्याचा आवाज. मग बूट, पहिल्या पायरीवर.

या आवाजाला तिच्या पोटात खड्डा पडतो. तीन वर्षं पडत आला आहे. बूट पहिल्या पायरीवर आणि खड्डा, अगदी बरोबर. टाईप करता करता तिनं त्या खड्ड्याची वाट पाहिली. दुसरी पायरी. तिसरी. प्राध्यापक म्हणाले, पाणी दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही, आणि तिनं ते जसंच्या तसं उतरवलं. बूट वर येत राहिले. तिची मान वळली नाही. घड्याळाचं तोंड दाराकडे होतं. ज्यांना बघायचं ते बघत असतील. ओळी चालू होत्या, हाकेला ओ येत होती, आणि पोटात काहीच झालं नाही.